सगळ्यात लहान कॅलिबर

लेडबरीजवळ, हेरफर्डशर
१२ फेब्रुवारी २०२४

वरदा,

घे, लिहिलं पत्र. "फोनवर तू नुसता 'हो हो, बघू या' करतोस दादा, कागदावर तरी धड बोल," असं तू म्हणाली होतीस. शिवाय या दरीत सिग्नल मिळवायला गेटवर चढावं लागतं, आणि साठीला टेकलेल्या माणसाने ते दिवसातून किती वेळा करायचं!

तर काम असं आहे. मला रायफल घ्यायची आहे. हसून झालं की पुढे वाच.

वॉटफर्ड सोडून इथे आलो त्याला दीड वर्ष झालं. सुप्रभाने सफरचंदाची साडेतीनशे रोपं लावली, प्रत्येकाला स्वतःच्या हाताने प्लास्टिकची नळी गुंडाळली. ससे खालून उकरतात आणि हरणं वरून शेंडे खातात. कोल्ह्याने अकरा कोंबड्या नेल्या. गेल्या आठवड्यात बागेतून फिरलो तर ऐंशी झाडं गेलेली. शेजारचा शेतकरी म्हणाला, "डॉक्टर, नुसत्या जाळीने भागायचं नाही." त्याचं खरं आहे.

सुप्रभाचं तुला माहीतच आहे. अंडी गावभर वाटते, स्वतः एक खात नाही. रायफलचं नाव काढल्यावर पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग एके दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, "मारायचंच असेल तर सगळ्यात लहान घे. बिचाऱ्यांना कमीत कमी लागू दे." मलाही ते पटलं. दुकानदार म्हणतो, सगळे पॉइंट टू-टूपासूनच सुरुवात करतात. आवाज कमी, खांद्याला धक्का नाही. एकीत सगळं भागेल ना? ससा, कोल्हा, आणि वेळ पडली तर हरणाला निदान हुसकावायला?

दुसरं म्हणजे, पोलिसांच्या अर्जाला दोन रेफरी, म्हणजे आपली ओळख देणारे, लागतात. एक शेजारी देतोय, दुसरी तू. घरातलं सख्खं कोणी चालत नाही, मावसबहीण चालते. तुझ्याकडे फॉर्म येईल. आपल्या नानांकडे कॅरेक्टर सर्टिफिकेटसाठी पोरं यायची आणि नाना वर न बघता सही ठोकायचे, "यांची वर्तणूक चांगली आहे", आठवतं? तसंच आहे. दोन मिनिटांचं काम.

तुझ्या गाई-म्हशी, म्हणजे गाईच, कशा आहेत? सुप्रभाने मेतकूट पाठवलंय, ते डबा उलटा न करता उघड.

शशीदादा

*

पिटलॉक्रीजवळ, पर्थशर
२१ फेब्रुवारी

शशीदादा,

मेतकूट पोचलं. पत्र वाचून कपाळावर हात मारला.

तेवीस वर्षं मी या थंडीत गाईंची बाळंतपणं करतेय आणि पंधरा वर्षं इस्टेटीवरची हरणं मारतेय. दरवर्षी किती कमी करायची ते आम्ही ठरवतो आणि तेवढी मारतो. मला विचारलंस हे फार बरं केलंस. आता नीट वाच, डॉक्टर असल्याचं सोंग जरा बाजूला ठेव.

तो आकडा म्हणजे कॅलिबर, नळीची रुंदी, इंचाच्या हिशोबात. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. टू-टू आणि टू-टू-थ्री यांची रुंदी जवळजवळ सारखीच, फरक मागच्या दारूचा. टू-टूमध्ये चिमूटभर असते. पन्नास-साठ पावलांवरच्या सशाला ती उत्तम. कोल्ह्याला टू-टू-थ्री लागते. आणि तुझ्याकडे येतात त्या फॅलो हरणांना टू-फोर-थ्रीच्या खाली काही चालत नाही. इंग्लंडात कायद्यानेसुद्धा चालत नाही. शिवाय टू-टूची गोळी नुसतं शिसं असते, हळू जाते, दगडावर किंवा ओल्या जमिनीवर आपटली की उडून भलतीकडेच जाते. म्हणून मागे मातीचा उंचवटा असल्याशिवाय चाप ओढायचा नाही. हरणाला "हुसकावायला" रायफल वापरतात हे तर मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बाप्पा रे!

एकच घ्यायची असेल तर टू-फोर-थ्री घे. सशाचं काही शिल्लक राहणार नाही, पण अर्धवट काही होणार नाही. दोन घेतल्यास तर सोन्याहून पिवळं.

आणि वहिनींना हे मोठ्याने वाचून दाखव: लहान गोळीने कमी दुखत नाही, जास्त वेळ दुखतं. दया येत असेल तर मोठी घ्या, जवळ जा, आणि एकदाच मारा. जवळ जाता येत नसेल तर मारू नका, झाडं मरू देत.

आता फॉर्मचं. दादा, ते नानांचं सर्टिफिकेट नाही. हा माणूस रागीट आहे का, पितो का, मनाने ठीक आहे का, असं सगळं विचारलंय, आणि माझ्या शब्दावर ते तुझ्या हातात हत्यार देणार आहेत. मी वाचून सही करते. म्हणून सरळ विचारते: प्रॅक्टिस का सोडलीस? पेशंट तुझ्या नावाने नवस बोलायचे आणि तू अठ्ठावन्नाव्या वर्षी एका महिन्यात गाशा गुंडाळलास. "थकलो" हे उत्तर मंडळातल्या लोकांना दे. मला खरं सांग.

आणि एक शब्द दे. हातात टू-टू असताना हरणावर नेम धरायचा नाही. कधीही नाही.

वरदा

*

हेरफर्डशर
८ सप्टेंबर

वरदा,

सहा महिने तोंड लपवून बसलो असं तुला वाटत असेल. तसं नाही, पोलिसांनीच एवढा वेळ लावला. पण तू सही केलीस, त्याबद्दल आभार. रायफलचं सर्टिफिकेट आलं.

एन्क्वायरी ऑफिसर बाई घरी येऊन गेल्या. भिंतीला ठोकलेलं कपाट हलवून बघितलं, चावी कुठे ठेवता विचारलं, मग मला बाहेर पाठवून सुप्रभाशी एकटीशी बोलल्या. मी कोंबड्यांना दाणे टाकत उभा, काय विचारत असतील म्हणून सारखा खिडकीकडे बघत! आत आलो तर त्या चिवड्याची कृती लिहून घेत होत्या.

फक्त पॉइंट टू-टू मागितली. चिडू नकोस. तुझं पत्र सुप्रभाला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, शेवटी म्हणाली, "वरदाचं रोजचं काम आहे ते. आपल्याला नाही जमायचं." मोठ्या रायफलने मोठं मारावंसं वाटेल अशी तिला भीती वाटते. मलाही वाटलं, आधी सशांपासून तर सुरू करू. आतापर्यंत चौदा मारले. शेजाऱ्याला देतो, त्याची बायको मैद्याच्या पारीत भरून 'पाय' भाजते. मी सशांना निघालो की सुप्रभा कपड्यांच्या घड्या घालते, एकदा घातलेल्या मोडून पुन्हा घालते. कोल्ह्यासाठी कोंबड्यांच्या घराला विजेची तार लावली आहे. हरणं मात्र येतात. मी टाळ्या वाजवतो, ती बघतात आणि खात राहतात.

प्रॅक्टिसचं विचारलंस. खरंच थकलो गं. वीस वर्षं दर दहा मिनिटांनी एक माणूस आत येतो आणि प्रत्येकाला आपण काहीतरी बरं वाटेल असं सांगायचं. संपलं होतं सगळं. त्यात दुसरं काही नाही.

शब्द दिला. हरणावर नाही.

शशीदादा

*

पर्थशर
२२ सप्टेंबर

दादा,

चिडू नकोस म्हणालास म्हणून जास्त चिडले.

"आधी सशांपासून सुरू करू" म्हणे. हरणांना ठाऊक आहे का तुझं वेळापत्रक? ती तुझी टाळी ऐकायला येत नाहीत, झाडं खायला येतात. एक दिवस तुझ्या डोक्यात तिडीक जाईल आणि हातात नको ती रायफल असेल. मला हीच भीती आहे, दुसरी कुठलीही नाही.

म्हणून ऐक. एक नोव्हेंबरला इंग्लंडात फॅलोच्या माद्यांचा सीझन उघडतो. दिवाळीचा फराळ आटोपला की मी माझी टू-फोर-थ्री घेऊन गाडीने येते. दोन दिवसांत दोन-तीन माद्या कमी करते, बाकीचा कळप आपोआप जागा बदलेल. वहिनींनी तेवढे दोन दिवस ईलिंगला त्यांच्या मैत्रिणीकडे, सुनीतीकडे जावं, त्यांना काही बघावं लागणार नाही. तू फक्त जमीनमालक म्हणून हो म्हण. "बघू या" नको, "हो" म्हण.

"थकलो" हे तू पुन्हा लिहिलंस. मी सही केली ती तुला लहानपणापासून ओळखते म्हणून. पण ती सही मला बोचत राहते, कारण तू काहीतरी गिळून बसला आहेस आणि मी पोलिसांना लिहून दिलंय की हा माणूस मोकळा आहे.

वरदा

*

हेरफर्डशर
१४ नोव्हेंबर

वरदा,

उत्तराला उशीर झाला. दिवाळीला वॉटफर्डची मंडळी येऊन गेली, चकल्यांचा एकही तुकडा उरला नाही. सगळे विचारत होते, डॉक्टर, बंदूक दाखवा. मी दाखवली नाही.

तू यायची तसदी घेऊ नकोस. मंगळवारपासून हरणं बागेत आलेली नाहीत. आपणहूनच गेली असावीत. थंडीही फार आहे, एवढ्या लांब गाडी चालवत येण्यात अर्थ नाही. सुप्रभा ठीक आहे, काल-आज सकाळी जरा जास्तच वेळ फिरून आली. माझी झोप थोडी कमी झाली आहे, वयाचं असेल.

ससे पुरे झाले असं वाटायला लागलंय. रायफल कपाटातच आहे.

तुझ्याकडे बर्फ पडला का?

शशीदादा

*

हेरफर्डशर
१८ नोव्हेंबर

प्रिय वरदा,

तुला मी पत्र लिहिते आहे याचं आश्चर्य वाटेल. शशीला सांगितलेलं नाही. तू जनावरांची डॉक्टर आहेस म्हणून तुलाच विचारावंसं वाटलं.

आमच्या खालच्या ओढ्याशी एक हरीण सापडलं. मादी. खालचा जबडा मोडून लोंबत होता. तिला खाता येत नव्हतं. शनिवारी मी इथल्या व्हेटला बोलावलं. तो तरुण आहे, फार हळुवार हाताचा. त्याने तिला इंजेक्शन देऊन शांत केलं. तो म्हणाला, चार-पाच दिवसांचा उपास दिसतो, असं जनावर आठवडा आठवडा जगतं, भुकेनेच जातं. मग त्याने तिच्या मानेच्या कातडीखालून शिशाचा चपटा झालेला तुकडा काढला आणि मला विचारलं, "मिसेस निमकर, इथे कोण गोळ्या झाडतं?" मी म्हटलं, माहीत नाही, रस्त्यावरून कोणीही येतं.

तो तुकडा टिश्यूत गुंडाळून सोबत पाठवते आहे. तुला यावरून काही कळेल का? कुठल्या रायफलचा आहे ते? मी लहान रायफल घ्यायला सांगितली होती, तुझं पत्र आल्यावरही सांगितली होती, म्हणून विचारते.

कुणाचं काम आहे ते कळलं तर बरं होईल. शशीला मी तेवढंच सांगितलं आहे की एक हरीण आजारी होतं आणि व्हेट येऊन गेला. त्याने जास्त काही विचारलं नाही.

तुझी,
सुप्रभावहिनी

*

पर्थशर
२३ नोव्हेंबर

दादा,

वहिनींनी मला एक शिशाचा तुकडा पाठवला आहे. क्लिनिकच्या काट्यावर ठेवला. अडीच ग्रॅम. वर तांब्याचं आवरण नाही, नुसतं शिसं. ही टू-टू आहे. मी हे आकडे झोपेतही सांगेन, पण या वेळी तीनदा वजन केलं, कारण तिन्ही वेळा मला दुसरं काहीतरी यायला हवं होतं.

शनिवारी ती मादी व्हेटने सोडवली. व्हेट म्हणाला ते वहिनींनी लिहिलंय: जबडा मोडलेला, चार-पाच दिवसांचा उपास. शनिवारातून चार दिवस वजा कर. मंगळवार येतो. तुझ्याच पत्रात आहे, "मंगळवारपासून हरणं आलेली नाहीत."

तुमच्या दरीत टू-टू दुसऱ्या कुणाकडे नसेल असं नाही. तू मला लिही की ती तुझी नव्हती. मी तुझ्यावर विश्वास ठेवेन आणि पाया पडून माफी मागेन. पण खोटं लिहिणार असशील तर लिहूच नकोस.

तुझी असेल तर तू तीन गोष्टी केल्या आहेस. दिलेला शब्द मोडलास, तो मी पोटात घालेन. कायदा मोडलास, ते तू आणि पोलीस बघा. पण ती जखमी होऊन पळाल्यावर तू तिच्या मागे गेला नाहीस. हे मला समजत नाही, दादा. माझ्याकडूनही चुका झाल्या आहेत. पंधरा वर्षांत दोनदा माझी गोळी वाईट बसली. दोन्ही वेळा मी कुत्री घेऊन, टॉर्च घेऊन, चिखलात गुडघे फोडून घेऊन ते जनावर शोधलं आणि संपवलं. माणसाला चुकायची परवानगी आहे, पाठ फिरवायची नाही.

वहिनींना मी काही कळवलेलं नाही. त्या बिचाऱ्या रस्त्यावरच्या कुणाला तरी दोष देतायत. त्यांना तू सांग. आणि लायसन्सिंगवाल्यांना फोन कर, स्वतः. माझी सही आहे त्या कागदावर. एक डिसेंबरपर्यंत तू केला नाहीस तर मी करेन.

वरदा

*

हेरफर्डशर
२९ नोव्हेंबर

वरदा,

माझीच होती.

मंगळवारी दुपारी सशांसाठी गेलो होतो. ती तिसऱ्या ओळीत उभी राहून साल सोलत होती. पन्नास पावलांवर. विचार न करता मारली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी विचार केला. म्हटलं, डोक्यात नेमकी बसली तर लहानही पुरेल. तिने मान वळवली.

ती ओढ्याच्या दिशेने गेली. मी गेटपाशी उभा राहिलो. तिच्या मागे जायला हवं हे मला माहीत होतं, तुझं एकूण एक वाक्य आठवत होतं. पण ती सापडली असती तर पुन्हा मारावी लागली असती, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत बघून. मी घरी आलो, हात धुतले आणि चहा घेतला. स्वतःला सांगितलं, काही लागलं नसेल, घाबरून पळाली असेल. बघू या, म्हटलं.

तू विचारलं होतंस प्रॅक्टिस का सोडली. दोन हजार एकवीसमध्ये माझ्याकडे ग्रॅहम नावाचा पोस्टमन यायचा, चव्वेचाळीस वर्षांचा. गिळताना अडकतं म्हणाला. मला पहिल्याच दिवशी शंका आली. पण तो समोर बसून पोरींचे फोटो दाखवत होता, आणि त्याला तातडीने तपासायला पाठवायचं म्हणजे का ते सांगावं लागलं असतं. माझी जीभ रेटेना. "दोन आठवडे बघू या," म्हटलं. मग आणखी तीन आठवडे. तो गेला. चौकशी झाली. ते म्हणाले, आधी पाठवलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. त्याच्या बायकोने मला कार्ड पाठवलं, "तुम्ही त्याच्याशी फार मायेने वागलात." ते कार्ड वाचलं आणि पुढच्या महिन्यात राजीनामा दिला. मी मायेने वागलो नव्हतो गं. मी घाबरलो होतो. लोकांना त्यातला फरक कळत नाही, आणि मी आयुष्यभर त्याच्यावरच जगलो.

मंगळवारी तेच केलं.

काल लायसन्सिंगला फोन केला. आज सकाळी त्याच बाई आल्या, रायफल आणि सर्टिफिकेट घेऊन गेल्या. पुढे काय होईल ते कळवतील. या वेळी त्यांनी चिवडा घेतला नाही.

सुप्रभाला काल संध्याकाळीच सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. सगळं ऐकलं, "बरं" म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली. वरदा, ती ओरडली असती, रडली असती, तर मला सोसलं असतं. तिच्या मनातून मी कायमचा उतरलो.

हरणं पुन्हा यायला लागली आहेत. सात आहेत. तू ये. हे मी "बघू या" म्हणत नाहीये.

शशी

*

हेरफर्डशर
१६ डिसेंबर

प्रिय वरदा,

तू नीट पोचल्याचा निरोप शेजाऱ्यांकडून मिळाला. तुझा एक हातमोजा इथे राहिला आहे, लाडवांबरोबर पाठवते.

तू म्हणाली होतीस, वहिनी, तुम्ही सुनीतीकडे जा. मी गेले नाही आणि तुझ्या शेजारी येऊन उभी राहिले, तेव्हा तू फक्त कान झाकायचं साधन माझ्या हातात दिलंस. बरं केलंस. रायफल वाजली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. हरीण उभ्या जागी बसलं आणि कलंडलं. तू लगेच उठली नाहीस, मनात काहीतरी मोजत होतीस. मग जाऊन काठीचं टोक तिच्या डोळ्याला हळूच लावलंस, पापणी हलत नाही ना ते बघायला. मी विचारलं, "झालं?" तू म्हणालीस, "वहिनी, तिला आवाजसुद्धा ऐकू आला नसेल." मला वाटलं होतं मला घेरी येईल. आली नाही. उलट मला फार लाज वाटली.

का ते सांगते. जाताना गाडीत बसता बसता तू मला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "तुम्हाला केवढा धक्का बसला असेल." मला धक्का बसला नव्हता, वरदा. मला माहीत होतं.

त्या मंगळवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. आवाज ऐकला. ती ओढ्याकडे पळाली ते बघितलं, तिचं तोंड कसं लोंबत होतं तेही बघितलं. शशी गेटपाशी किती वेळ उभा होता ते बघितलं. तो आत आला, मी त्याला चहा दिला. वाटलं, आता सांगेल. नाही सांगितलं. म्हटलं, जेवताना सांगेल. म्हटलं, उद्या सांगेल.

बुधवारी सकाळी अंड्यांची टोपली घेऊन मी ओढ्यावर गेले. ती काटेरी झुडपाखाली उभी होती, पाण्यात पाय. पाणी प्यायला बघायची, आणि प्यायलेलं सगळं परत गळून जायचं. मी घरी आले आणि काही बोलले नाही. गुरुवारी गेले. शुक्रवारी गेले. रोज तिला बघून यायची आणि शशीला पोळी वाढायची. व्हेटचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे, चार पावलांवर फोन आहे. बुधवारी केला असता तर ती बुधवारीच सुटली असती. पण व्हेट आला असता की शशीला विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं की त्याचा चेहरा पडला असता. ग्रॅहम गेल्यानंतर वर्षभर मी तो चेहरा बघितला आहे. पुन्हा बघवला नसता. म्हणून मी थांबले. त्याने आपणहून सांगावं म्हणून मी त्या मुक्या जिवाला चार दिवस तसंच उभं ठेवलं.

आणि मग तेही मला सांगता येईना, तर तुला लिहिलं. "कुणाचं काम आहे ते कळलं तर बरं होईल." केवढी साळसूद मी! तू त्याला झोडपशील हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं काम मी तुझ्या हातून करून घेतलं. त्याने कबूल केलं तेव्हा "बरं" म्हटलं ते रागाने नव्हे. त्याने त्याचं सांगून टाकलं होतं आणि माझं पुढच्या पोळीखाली दाबलेलं होतं, तोंड वर करून त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. त्याला वाटतं तो माझ्या मनातून उतरला. गेले तीन आठवडे मी त्याला तसं वाटू दिलं आहे.

आज पुरे. हे पत्र पाकिटात घातलं आहे, चिकटवलेलं नाही. शशी गावात चालला आहे. त्याच्याकडेच पोस्टात टाकायला देते आणि सांगते, आधी वाच, मग चिकटव.

तुझी,
सुप्रभा

(खाली, वेगळ्या अक्षरात)

वरदा, पोस्टाच्या पेटीपाशी गाडी थांबवून वाचलं. दोनदा वाचलं. आता हे टाकतो आणि घरी जातो. ती खिडकीत उभी असेल. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, पण बोलणार आहे.

शशी